चटका न कळणाऱ्या हातांविषयी : खानदेशातील कुष्ठरोग अधिकारी आणि जिल्हा शल्यचिकित्सक यांना खुले पत्र

प्रति,
मा. सहायक संचालक, आरोग्य सेवा (कुष्ठरोग), जळगाव, धुळे व नंदुरबार,
मा. जिल्हा शल्यचिकित्सक व दिव्यांग प्रमाणपत्र मंडळांचे सर्व सन्माननीय सदस्य, जळगाव, धुळे व नंदुरबार,

सप्रेम नमस्कार.

मी आपल्याच खात्यातून निवृत्त झालेला कुष्ठरोग तंत्रज्ञ आहे. १९८६ ते २०१७ या ३१ वर्षांत मी अमळनेर, पारोळा, साक्री आणि काही काळ अक्कलकुवा या तालुक्यांत गावोगाव फिरून चट्टे पाहिले, कोपरामागची नस बोटाने चाचपली, डोळे मिटायला लावून तळहातावर बॉलपेनचे टोक टेकवले आणि कार्डे भरली. एमडीटीचे, म्हणजे कुष्ठरोगावरच्या बहुऔषधी उपचाराचे, पहिले पॅक सायकलच्या पिशवीतून वाड्या-पाड्यांवर नेणाऱ्यांपैकी मी एक आहे. हे एवढ्यासाठी सांगतो की पुढे जी चूक लिहिणार आहे ती कुणा नवख्याची नसून माझी आहे, आणि ती माझ्या सख्ख्या धाकट्या बहिणीच्या बाबतीत झाली आहे.

तिच्या मज्जारज्जूत पाण्याने भरलेली पोकळी होती. या आजाराला सिरिंगोमायेलिया म्हणतात. आम्ही तिला वर्षभर कुष्ठरोगाची औषधे दिली.

२०१४ ची आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, होती. लेकी-बहिणी माहेरी आलेल्या, अंगणात चूल मांडलेली आणि त्यावर खापर पालथे घातलेले. पुरणाचा मांडा दोन्ही हातांवर फिरवून खापरावर टाकण्यात आमच्या घरी बहिणीचा हात धरणारे कोणी नाही. तिसरा की चौथा मांडा टाकताना तिच्या उजव्या हाताची मनगटाजवळची बाजू खापराच्या कडेला टेकली आणि टेकलेलीच राहिली. ती शेजारणीशी बोलत होती. बोलणे थांबले नाही, हात मागे आला नाही. वास आला तेव्हा भाची ओरडली. कातडे सोललेले पाहून मी धावलो, तर ती माझ्याकडे पाहून कसनुसे हसली आणि म्हणाली, "भाऊ, माले ते समजनंबी नही."

हे वाक्य मी नोकरीत शेकडो वेळा ऐकले होते आणि दर वेळी त्याचा अर्थ एकच लावला होता. त्या दिवशीही तोच लावला. तिचे दोन्ही हात समोर घेतले, तर अंगठा आणि तर्जनी यांच्यामधला मांसल भाग बसून तिथे खळगा पडलेला, उजवी करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट आत वळू लागलेले, बोटांवर जुन्या भाजण्याचे तीन-चार व्रण. अंगावर चट्टा एकही नव्हता. कोपराची नस चाचपली, ती जाड लागली नाही, पण मनात निदान आधीच झाले असल्यामुळे 'थोडी जाड असावी' असे मी स्वतःला सांगितले. बॉलपेनने तळहाताची चाचणी घेतली तेव्हा तिने प्रत्येक ठिकाणी बरोबर बोट ठेवले. म्हणजे खापराच्या कडेचा चटका जिला कळला नाही, तिला पेनाचे टोक मात्र दहाच्या दहा वेळा कळले. या विसंगतीपाशी मी थांबायला हवे होते. मी थांबलो नाही. पुढे ज्या डॉक्टरांकडे तिला नेले त्यांनी, स्किन स्मिअर (त्वचेच्या नमुन्यातील जंतूंची तपासणी) निरंक असतानाही, माझ्या अनुभवावर भिस्त ठेवून 'फक्त नसांचा कुष्ठरोग' असे लिहिले आणि १२ महिन्यांचा पॅक सुरू झाला. त्या डॉक्टरांना मी दोष देत नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि मी मान डोलावली.

पॅकमधल्या क्लोफॅझिमिन या औषधामुळे तिचा गोरा रंग काळसर तांबूस झाला. सासरच्या गावात त्याचा जो अर्थ लावला गेला तो लावला गेला, त्याबद्दल इथे लिहीत बसत नाही. एवढेच स्पष्ट करतो की "बहिणीला कुष्ठरोग नव्हता, सुटलो" असे सांगण्यासाठी हे पत्र नाही. कुष्ठरोग होण्यात लाज नाही, तो औषधाने बरा होतो आणि ते औषध फुकट मिळते. प्रश्न असा आहे की त्या वर्षभरात आणि नंतरच्या दोन वर्षांत तिच्या मज्जारज्जूतली पोकळी वाढत राहिली आणि एमडीटीची कोणतीही गोळी तिथपर्यंत काही करू शकत नव्हती.

निदान झाले ते अपघाताने. २०१७ च्या उन्हाळ्यात तिचे उजवे कोपर सुजले, चांगले नारळाएवढे, आणि तरी त्याच हाताने ती पाण्याची कळशी उचलत होती. एक्स-रेमध्ये सांध्याची हाडे झिजून आतल्या आत तुकडे पडलेले दिसले. एवढा मोडलेला सांधा दुखत कसा नाही, या एका प्रश्नाने एक तरुण अस्थिरोगतज्ज्ञ थबकला. त्याने खणातून रबरी हातोडी काढली. दोन्ही मनगटांवर आणि चांगल्या कोपरावर ठोकले, हात मेल्यासारखा गप्प. गुडघ्याखाली ठोकले तर पाय इतक्या जोरात उडाला की समोरचे स्टूल पडले. "काका, हातात झटका नाही आणि पायात जास्तीचा आहे, म्हणजे बिघाड नसेत नाही, मानेत आहे," तो म्हणाला. ३१ वर्षांच्या नोकरीत मी त्या हातोडीला हात लावला नव्हता, कारण आमच्या साहित्याच्या यादीत ती नव्हतीच.

नाशिकला एमआरआय झाला. मानेच्या दुसऱ्या मणक्यापासून छातीच्या सहाव्या मणक्यापर्यंत मज्जारज्जूच्या मधोमध पांढरी लांबट पोकळी दिसत होती. टी-२ प्रकारच्या चित्रात पाणी पांढरे दिसते. आणि वर, जिथे कवटी संपून मणका सुरू होतो, तिथे लहान मेंदूची खालची दोन टोके, ज्यांना टॉन्सिल म्हणतात, कवटीच्या भोकातून ९ मिलिमीटर खाली उतरलेली. ५ मिलिमीटरपेक्षा जास्त उतरली असतील तर त्याला साधारणपणे किआरी विकृतीचा पहिला प्रकार म्हणतात. प्राग येथील विकृतिशास्त्रज्ञ हान्स किआरी यांनी १८९१ मध्ये हे वर्णन प्रथम प्रसिद्ध केले, म्हणून त्यांचे नाव. 'सिरिंगोमायेलिया' हा शब्द त्याहून जुना आहे. तो फ्रेंच वैद्य ओलिव्हिए यांनी १८२७ मध्ये वापरला. ग्रीक 'सिरिंक्स' म्हणजे पावा, पोकळ नळी. आपल्या उपकेंद्रातली सिस्टर दिवसभर जी सिरिंज हाताळते तिचे नावही त्याच मुळाचे आहे.

आता हे होते कसे, ते मला जसे समजले तसे लिहितो, कारण प्रशिक्षणात हे कुणी सांगितले असते तर मी त्या आखाजीला चुकलो नसतो.

मेंदू आणि मज्जारज्जू यांच्याभोवती साधारण १५० मिलिलिटर स्वच्छ पाणी असते. शरीर ते दिवसाकाठी जवळपास अर्धा लिटर तयार करते आणि तितकेच शोषून घेते. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर हे पाणी कवटीतून थोडे खाली मणक्यात उतरते आणि परत वर जाते. टॉन्सिल खाली उतरून ती वाट बुजली की पाण्याला मोकळे जाता येत नाही, आणि दर ठोक्याला टॉन्सिल पंपाच्या दट्ट्यासारखे खाली दाब देत राहतात. पांझरा नदीकाठच्या फड-सिंचनातले शेतकरी हे लगेच ओळखतील : पाटाचे तोंड गाळाने तुंबले की पाणी थांबत नाही, ते बांधाच्या पोटात मुरत जाते आणि बाहेरून धडधाकट दिसणारा बांध आतून पोखरला जातो. पाणी मज्जारज्जूच्या आत नेमके कोणत्या वाटेने शिरते याविषयी शल्यचिकित्सकांत अजूनही वाद आहेत. दट्ट्याची कल्पना ओल्डफिल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये मांडली, तर मुंबईचे न्यूरोसर्जन अतुल गोयल यांनी पहिल्या दोन मणक्यांमधली अस्थिरता हेच मूळ कारण असल्याची मांडणी केली आहे, जी सर्वांनी स्वीकारलेली नाही. आपल्या देशात कवटी-मानेच्या सांध्यातील जन्मजात दोष बऱ्यापैकी आढळतात, त्यामुळे त्या सांध्याकडे लक्ष देणे कोणत्याही मताच्या डॉक्टरला टाळता येणार नाही, एवढे मात्र खरे.

पण आमच्यासारख्या तळच्या कर्मचाऱ्याला याहून महत्त्वाची गोष्ट दुसरी आहे. हाताकडून येणारे वेदनेचे आणि उष्ण-थंडाचे तंतू मज्जारज्जूत शिरल्यावर एक-दोन मणक्यांच्या अंतरातच मधली रेघ ओलांडून पलीकडच्या बाजूला जातात. ही ओलांडण्याची जागा नेमकी मज्जारज्जूच्या मधोमध, पोकळी जिथे धरते त्याच्या समोर आहे. स्पर्शाचे आणि सांध्यांच्या स्थितीचे तंतू मात्र त्याच बाजूने, मागच्या भागातून सरळ वर जातात. म्हणून पोकळी वाढू लागली की पहिल्यांदा चटका आणि टोचणे कळेनासे होते आणि स्पर्श शाबूत राहतो. तोही पट्टा असा की जणू खांद्यावरून घोंगडी पांघरावी : दोन्ही हात, खांदे, मानेखालची पाठ आणि छातीचा वरचा भाग. पोकळी पुढच्या बाजूला पसरली की हाताच्या लहान स्नायूंना चालवणाऱ्या पेशी मरतात आणि पंजा वाळतो. म्हणूनच हाताचा झटका जातो. बाजूला पसरली की पायांकडे जाणारे तंतू दाबले जातात आणि पाय ताठर होतात, त्यांचा झटका वाढतो.

हे सारे कुष्ठरोगाशी इतके जुळते की फसगत माझ्यापुरती मर्यादित नाही. फ्रान्सच्या ब्रिटनी भागातील डॉक्टर मॉरव्हाँ यांनी १८८३ मध्ये बोटांच्या न दुखणाऱ्या गळवांचे वर्णन केले. पुढे इस्तंबूलचे कुष्ठरोगतज्ज्ञ झांबाको पाशा हे १८९० च्या दशकात ठासून सांगत होते की हा आजार आणि सिरिंगोमायेलिया हे कुष्ठरोगाचेच प्रकार आहेत. तेव्हा एमआरआय नव्हता, त्यांना क्षमा आहे. कुष्ठरोगातही सुरुवातीला उष्ण-थंडाची समज आधी जाते, त्यामुळे नुसत्या तेवढ्यावर फरक होत नाही, हे मी मान्य करतो. फरक होतो तो आजार कोणत्या वाटेने जातो यावरून. कुष्ठरोग चट्ट्याच्या कडा पाळतो किंवा एखाद्या नसेचा इलाखा पाळतो, नस जाड करतो, काही काळात स्पर्शही घालवतो, पण हातोडीचा झटका बहुधा टिकवून ठेवतो. पोकळी नसेची हद्द मानत नाही. ती खांद्यावर चढते, पाठीवर उतरते, झटका घालवते आणि नसेला मात्र हात लावत नाही.

मी बहिणीचा तळहात तपासला, मनगट तपासले, कोपरापर्यंत आलो आणि थांबलो. खांद्यावर आणि पाठीवर गरम पाण्याची नळी टेकवून पाहिली असती तर तिथेच उमगले असते. का पाहिली नाही? कारण पुरुष कर्मचाऱ्याने बाईच्या पाठीवर परीक्षानळी टेकवणे आपल्या गावांत होतच नाही, ती सख्खी बहीण असली तरी. हे कोणत्याही मार्गदर्शक पुस्तिकेत लिहिलेले नसते, पण अर्धे निदान इथेच हुकते. आशाताई आणि एएनएम (उपकेंद्रातल्या सिस्टर) यांच्या हाती दोन परीक्षानळ्या देऊन, एकीत कोमट आणि दुसरीत माठातले पाणी भरून, बायकांची तपासणी आडोशाला खांद्या-पाठीपर्यंत करायला शिकवले तर त्यासाठी कोणत्याही निधीची वाट पाहावी लागणार नाही.

आणखी एक प्रश्न विचारायचा राहून गेला होता. बहीण कितीतरी वर्षे खोकताना किंवा मोठ्याने हसताना मागून मान हाताने धरायची. आम्ही तिची चेष्टा करायचो. खोकल्याने, शिंकेने, कुंथण्याने, ओझे उचलण्याने डोक्याच्या मागच्या बाजूला जो क्षणभर ठणका उठतो तो किआरीच्या विकृतीचा अगदी ओळखीचा इशारा आहे. रावेर-यावलकडे केळीचे घड वाहणारा मजूर किंवा दोन हंडे डोक्यावर घेऊन चालणारी बाई "मान दुखते" म्हणाली तर त्यात नवल कसले, असे आपण म्हणतो आणि मलम देतो. बहुतेकांच्या बाबतीत ते बरोबरही असते. फक्त 'खोकलं की दुखतं का, आणि चटका कळतो का' हे दोन प्रश्न एकत्र विचारावेत, आणि दोन्हींचे उत्तर विचित्र आले तर मलम बाजूला ठेवावे.

म्हणून सहायक संचालक महोदयांकडे माझे मागणे असे आहे. शोध अभियानात संशयित म्हणून जी व्यक्ती येते तिच्या अंगावर बधिर चट्टा नसेल, नस निःसंशय जाड नसेल आणि स्मिअर निरंक असेल, तर तिला 'फक्त नसांचा कुष्ठरोग' म्हणून नोंदवण्यापूर्वी हातापायांचे झटके पाहिले गेलेच पाहिजेत आणि खांद्या-पाठीवर उष्ण-थंडाची चाचणी झालीच पाहिजे. कुष्ठरोगाची जी तीन मुख्य लक्षणे आपण वर्षानुवर्षे पाठ करून घेतो, म्हणजे बधिर चट्टा, बधिरतेसह जाड नस आणि स्मिअरमधील जंतू, त्यांतील एकही लक्षण माझ्या बहिणीत नव्हते. नियम नवा नको आहे, जुनाच पाळायचा आहे. आणि प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात एक रबरी हातोडी असावी. ती फार महाग नसते. दरवर्षी ३० जानेवारीला स्पर्श जनजागृती अभियानात गावसभेत जे वाचून दाखवले जाते त्यात 'हाताला चटका कळत नसेल तर दवाखान्यात या, कारण कोणतेही असो' एवढे एक वाक्य वाढवले तरी पुष्कळ होईल.

हा आजार दुर्मीळ आहे, हे मी जाणतो. इंग्लंडमधल्या १९६० च्या दशकातील एका पाहणीत लाखामागे ८-९ रुग्ण आढळले होते, आणि ती पाहणी एमआरआय येण्यापूर्वीची होती. पण तीन जिल्ह्यांच्या लोकसंख्येत लाखामागे एक-दोन जरी धरले तरी ती माणसे आपल्या कार्डांत कुठेतरी असणार, आणि त्यातली काही बरी झाल्याचा शिक्का मारून बंद केलेल्या कार्डांत असणार. मी माझ्या आठवणीतली चार कार्डे काढून पाहिली. त्यातल्या दोघांचा पत्ता आता लागत नाही.

किआरी हे एकच कारण नाही. मेंदूच्या किंवा मणक्याच्या क्षयानंतर मज्जारज्जूभोवतीची आवरणे चिकटली तरी पाण्याची वाट बुजते, आणि क्षयाचे प्रमाण आपल्याकडे कमी नाही. विहिरीत पडून किंवा ट्रॅक्टर उलटून मणका मोडलेल्या माणसाच्या मज्जारज्जूत काही महिन्यांनी, कधी बऱ्याच वर्षांनी पोकळी धरते. कमरेखाली लुळा असलेला माणूस एकाएकी हाताला मुंग्या येतात म्हणू लागला तर 'आता काय नवीन' म्हणून सोडून देऊ नये. मज्जारज्जूतील गाठीबरोबरही पोकळी येते, म्हणून पहिल्या एमआरआयला रंगद्रव्याचे इंजेक्शन देऊन पाहतात. शाळा तपासणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकांनाही एक सांगणे आहे : पाठीला बाक आलेल्या मुलाला नुसते 'नीट बस' म्हणून पुढे जाऊ नका. मज्जारज्जूतल्या पोकळीचे पहिले दर्शनी लक्षण कधीकधी तोच बाक असतो, विशेषतः छातीच्या भागात तो डाव्या बाजूला असेल तर.

उलट बाजूही सांगायला हवी. एमआरआयमध्ये दिसलेली प्रत्येक बारीक रेघ म्हणजे आजार नव्हे. मज्जारज्जूची मधली नैसर्गिक नळी काहींत जराशी रुंद राहते आणि जन्मभर काही त्रास देत नाही. अहवालात शब्द वाचून घाबरलेले एक गृहस्थ माझ्याकडे आले होते, त्यांचा झटका, चटका सगळे ठीक होते. त्यांना तज्ज्ञांनी काही वर्षांनी पुन्हा दाखवा म्हणून परत पाठवले, ते योग्यच झाले.

जिल्हा शल्यचिकित्सक महोदयांसाठी दोन गोष्टी. धुळे, जळगाव आणि नंदुरबार अशी तिन्ही ठिकाणी आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत, पण आमच्यासाठी 'न्यूरोवाले' म्हणजे अजून नाशिक, छत्रपती संभाजीनगर किंवा मुंबई. प्राथमिक आरोग्य केंद्रातून निघालेली चिठ्ठी तिथपर्यंत पोचण्याची ठरलेली वाट नाही. रुग्ण त्वचारोगाकडून अस्थिरोगाकडे, तिथून मेडिसिनकडे फिरत राहतो आणि दर ठिकाणी एसटीचे भाडे आणि दिवसाची मजुरी जाते. महिन्यातला एक ठरावीक दिवस, अशा हातांसाठी, त्वचारोग, मेडिसिन आणि अस्थिरोग या तिघांनी एकाच खोलीत बसून पाहण्याचा ठरवावा. आणि एमआरआय सांगताना 'मान' एवढेच लिहू नये. कवटीचा तळ आणि कवटी-मानेचा सांधा त्यात आलाच पाहिजे, पोकळी सापडली तर उरलेला मणकाही. बहिणीचा पहिला एमआरआय केवळ मानेचा झाला होता, कवटीचा तळ चित्राच्या कडेला अर्धवट कापला गेला होता, म्हणून दुसऱ्यांदा खर्च करावा लागला. तो आम्ही गाय विकून केला.

दुसरी गोष्ट दिव्यांग प्रमाणपत्राची. २०१८ मध्ये बहिणीची शस्त्रक्रिया झाली. मानेमागून कवटीच्या भोकाची हाडाची कडा आणि पहिल्या मणक्याची मागची कमान काढली, आवरणाला ठिगळ लावून ते सैल केले आणि पाण्याला वाट दिली. खोकल्याचा ठणका त्यानंतर गेला. वर्षभराने काढलेल्या एमआरआयमध्ये पोकळी पुष्कळ आकसली होती. पण वाळलेला पंजा भरला नाही आणि चटका आजही कळत नाही. डॉक्टरांनी आधीच सांगितले होते की जे गेले ते परत मिळेलच असे नाही, राहिलेले वाचवायचे आहे. चार वर्षे आधी पोहोचलो असतो तर राहिलेले अधिक असते, हा हिशेब मी रोज करतो.

अशा अवस्थेत ती प्रमाणपत्रासाठी एका मंडळापुढे गेली. तिथे तिला सांगण्यात आले की या आजाराचे नाव यादीत नाही. मग एका सद्गृहस्थांनी मार्ग सुचवला की 'जुने कार्ड आहेच, कुष्ठरोगमुक्त या प्रकारात बसवू.' ती काही बोलली नाही, कागद उचलून परत आली. महोदय, दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील २१ प्रकारांत आजाराचे नाव शोधण्याची गरजच नाही. अस्थी-स्नायू किंवा मज्जासंस्था किंवा दोन्हींतील बिघाडामुळे स्वतःची अथवा वस्तूंची हालचाल करता न येणे, अशी चलनवलन दिव्यांगत्वाची व्याख्या तिथे दिलेली आहे आणि वाळलेला पंजा व मोडलेले कोपर त्यात सरळ बसतात. दीर्घकालीन मज्जासंस्थेच्या विकारांखाली मल्टिपल स्क्लेरोसिस आणि पार्किन्सन ही नावे 'जसे की' म्हणून दिली आहेत, ती उदाहरणे आहेत. मंडळापुढे बसणाऱ्या सदस्यांना हे परिच्छेद एकदा वाचून दाखवावेत. आणि हात दाबून जोर किती ते पाहताना चटक्याची समजही पाहावी, कारण स्वयंपाकघरात जोरापेक्षा तीच जास्त लागते.

कुष्ठरोगाच्या रुग्णांना आपण स्वतःची काळजी घ्यायला शिकवतो, हाताला स्प्लिंट देतो, तव्याला लाकडी मुठी लावायला सांगतो, रोज रात्री हातावर फोड आहे का ते पाहायला लावतो. हे ज्ञान जगातल्या कोणत्याही न्यूरो विभागापेक्षा आपल्या खात्याकडे जास्त आहे. पोकळीच्या रुग्णांना ते कोणीच देत नाही, कारण ते आपल्या रजिस्टरमध्ये नसतात. बहिणीला मीच शिकवले, एका गोष्टीत मात्र तिने मला शिकवले. आंघोळीचे पाणी कोपराने बघ असे मी सवयीने सांगितले, तर ती म्हणाली कोपर तरी कुठे माझे आहे. ती आता पाणी पायाच्या अंगठ्याने पाहते, कारण पायाला चटका कळतो. मांडे ती हातावर अजून फिरवते, खापरावर मात्र सून टाकते.

आशाताईंच्या पुढच्या प्रशिक्षणात एक तास आम्हा दोघांना द्यावा, अशी विनंती आहे. बहीण येण्यास तयार आहे आणि खांद्यापर्यंत हात तपासू देण्यासही. मानधन नको. तारीख तालुका आरोग्य अधिकाऱ्यांमार्फत कळवावी. परीक्षानळ्या आणि हातोडी मी घेऊन येईन, तेवढे गरम पाण्याचे पाहावे.

आपला नम्र,
एक निवृत्त कुष्ठरोग तंत्रज्ञ,
तालुका अमळनेर, जिल्हा जळगाव